चेन्नईच्या ब्रोकरशी भांडण

२ जानेवारी २००३, गुरुवार

पुन्हा लाल! सकाळी पट्टी हिरवी होती. जेवायला गेलो, आलो, कोडमधलं एक अक्षर बदललं नाही — आणि लाल. टेस्ट त्याच, मशीन तेच, खुर्ची तीच. मग बदललं काय? चेन्नईच्या त्या दळभद्री ब्रोकरचा मूड बदलला.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही. ओरत्तनाडूच्या दवाखान्यातून ‘अमुक गटाचं रक्त पाठवा’ असा निरोप निघतो. तो सरळ तंजावरच्या रक्तपेढीत येत नाही. आधी चेन्नईला, हॉस्पिटलच्या मुख्य ऑफिसात, ब्रोकर नावाच्या एका प्रोग्रामकडे जातो. तो निरोप ठेवून घेतो आणि पेढीचं मशीन मागेल तेव्हा देतो. पोस्ट ऑफिस म्हणा. दोन्ही टोकांचा कोड माझा, मधला दलाल त्यांचा. माझ्या कोडचा एकेक तुकडा बरोबर चालतो का, हे बघायला मी छोट्या छोट्या टेस्ट लिहिल्यात. चालवल्या की पट्टी हिरवी होते, नाहीतर लाल. पण प्रत्येक वेळी मॉडेम फिरवून चेन्नई गाठायची! लाइन लागली तर लागली. दलाल महाशय उठलेले असले तर असले.

आज ते उठले नव्हते. मी त्याला मराठीत यथेच्छ शिव्या घातल्या. मोठ्याने. या ऑफिसात सगळा व्यवहार तमिळमध्ये चालतो, पण आम्ही तंजावरचे मराठी, शिव्यांना घरचीच भाषा लागते. आणि फायदा असा की कोणाच्या बापाला कळत नाही.

३ जानेवारी

लाल. लाल. हिरवी. लाल. काही लिहिण्यासारखं नाही.

६ जानेवारी, सोमवार

शेषाद्री सारांनी सगळ्यांना बोलावलं. आमचे मालक; इथे सरला सार म्हणतात. आवाज कधी चढवत नाहीत, आणि त्याचीच भीती वाटते. म्हणाले, बारा फेब्रुवारीला ओरत्तनाडूला हॉस्पिटलची माणसं बसणार, आपलं काम चालवून बघणार. जमलं तर ओरत्तनाडूसारखी त्यांची सगळी केंद्रं आपल्याकडे. नाही जमलं तर काम चेन्नईच्या कंपनीला जाईल, आणि मग तंजावरात हे ऑफिस चालवण्यात अर्थ नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. म्हणजे कुलूप. सरळ सांगायचं तर कुलूप.

बाकीच्यांचं ठीक आहे. बाकीचे चेन्नईला जातील, बंगळूरला जातील. मी तिथूनच परत आलोय. अप्पांना झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा सगळं सोडून आलो, आणि या गावात कॉम्प्युटरचं काम देणारं हे एकच दार सापडलं. अप्पांना सकाळी उठवून बसवायला दोन माणसं लागतात. अम्मा एकटी काय करणार? ऑफिस बंद झालं तर मला परत जावं लागेल. अप्पांचं काय होईल ते मला लिहवत नाही.

म्हणजे आता सगळं त्या दलालाच्या हातात. वा!

८ जानेवारी, बुधवार

आज मीटिंगमध्ये टेस्टवाली बोलली. एस. अखिला. कोपऱ्यात बसते, मॉडेम आणि सर्व्हर तिच्या ताब्यात. दिवसभर तोंडातून शब्द नाही. मी मनात तिचं नाव ‘खांब’ ठेवलंय. मनात कशाला, उघडच म्हणतो, मराठीत.

तर खांब म्हणाली, कोडच्या टेस्टला खरा ब्रोकर कशाला हवा? टेस्टपुरता आपणच एक खोटा बसवू. कोडला कळणारसुद्धा नाही की पलीकडे कोण आहे. आणि खोट्याला आपण म्हणू तसं वागायला लावता येईल. “खऱ्याला सांगता येतं का सार, की बरोबर अमुक क्षणी लाइन तोड म्हणून?”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गावच्या वडवार कालव्यात यंदा थेंब नाही. कोरड्या कालव्यात पोहायला शिकून मग कावेरीत उडी मारायची का? सगळे हसले. शेषाद्री सारसुद्धा थोडेसे. मी वर मराठीत पुटपुटलो, “खांबाला अक्कल फुटली.” तिने वहीत काहीतरी खरडलं.

खोटा ब्रोकर म्हणे! खोट्यावर हिरवी पट्टी मिळवून मी ओरत्तनाडूला काय दाखवू? शत्रू जो आहे त्याच्याशीच लढायचं.

९ जानेवारी

शत्रूचा रखवालदार सूर्यनारायण. चेन्नईला ब्रोकर सांभाळतो. आज फोनवर अर्धा तास घातला. त्याचं म्हणणं, “आमच्या बाजूने सगळं ठीक आहे.” मी म्हटलं, माझ्या बाजूने लाल आहे. तो म्हणाला, मग तुमची बाजू बघा. आणि वर — तुम्ही टेस्ट चालवता तेव्हा आमच्याकडे कचरा निरोप साठतात, ते बंद करा. कचरा! माझ्या टेस्टना कचरा!

फोन ठेवल्यावर मी जे बोललो ते इथेही लिहिता येत नाही.

१५ जानेवारी

पोंगल. सुट्टी. अम्माने गोड भात केला, अप्पांना डाव्या हाताने घास घेता आला. मला म्हणाले, देवनागरी लिहितोस ना अजून? विसरू नको. मी म्हटलं, लिहितो, रोज लिहितो. काय लिहितो ते सांगितलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

हे काय झालं? सगळं हिरवं!

आमचा कोड ब्रोकरशी बोलतो तो चेन्नईने दिलेल्या एका लायब्ररीमार्फत, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यामार्फत. तिची नवी आवृत्ती आलीय म्हणे. सकाळी अखिलाने सीडी टेबलावर ठेवली, “ही घालून बघा सार” एवढं म्हणाली आणि गेली. घातली. टेस्ट चालवल्या. जो कारभार चहा थंड होईपर्यंत चालायचा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला. सगळ्या हिरव्या. परत चालवल्या. हिरव्या. सूर्यनारायणाला माझा अर्धा तास चांगलाच झोंबलेला दिसतो.

स्क्रीनसमोर खुर्ची मागे टाकून म्हटलं, “संपला का दम? लाइन तोडायची, एवढीच अक्कल होती होय रे तुला? तीसुद्धा वेळेवर तोडता येत नव्हती!”

फार दिवसांनी बरं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

लाइन तोडली. आणि अशी तोडली की तोडणाऱ्याचे पाय धरावेत! माझा निरोप त्याने घेतला, ठेवला, आणि ‘मिळाला’ म्हणायच्या आधी तोंड फिरवलं. माझ्या कोडला वाटलं गेलाच नाही, त्याने परत पाठवला. पेढीच्या टोकाला एकाच बाईसाठी दोन मागण्या. म्हणजे फ्रीजमधून दोन पिशव्या बाहेर, आणि दुसऱ्या कोणाला लागली तर नाही.

राग आला तो स्वतःचा. कारण चूक त्याची नव्हती. माझी होती. लाइन कधीही तुटू शकते हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तसं लिहिलं होतं. इतके दिवस ती नको तिथे तुटायची म्हणून हे दिसलंच नव्हतं.

२२ जानेवारी

तिरुवैयारुला आराधनेचा संगीतोत्सव. गावातल्या सगळ्या बस तिकडे, मी पायी ऑफिसला. प्रत्येक मागणीला तिचा स्वतःचा नंबर दिला. पेढीच्या टोकाला आधी बघायचं, हा नंबर येऊन गेलाय का? गेला असेल तर दुसरा फेकून द्यायचा. संध्याकाळी हिरवी.

स्क्रीनला म्हटलं, “आता पाठव! दोनदा काय, दहादा पाठव!”

२३ जानेवारी

दहादा पाठवला!

मी मोजले नाहीत, पण धो धो आले. एकच निरोप, एकच नंबर, पुन्हा पुन्हा. माझी नंबराची युक्ती टिकली, पण प्रत्येक निरोपाला कोड इतका वेळ घेत होता की खरा दुसरा निरोप मागे रांगेत अडकून पडला. लाल.

तो चेन्नईचा सूर्यनारायण माझं जन्मतारखेपासून सगळं माहीत असल्यासारखा वागतोय. हे मुद्दाम आहे. शंभर टक्के मुद्दाम. फोन लावला तर म्हणाला, आज आमच्याकडे काहीच झालं नाही. खोटारडा!

शेषाद्री सारांकडे तक्रार केली. ते म्हणाले, बारा तारखेपर्यंत सहन करा. आणि हसले. हसण्यासारखं काय होतं?

२७ जानेवारी, सोमवार

रांगेचं सोडवलं. शनिवार-रविवार त्यातच गेला. अम्मा म्हणते, जेवताना तोंडाने काय पुटपुटतोस. मी म्हटलं, दुश्मनाशी बोलतोय.

आज पूर्ण हिरवी. मी उदार झालो. म्हटलं, “एक गुण आहे बरं का तुझ्यात. पुढचं पुढे, मागचं मागे ठेवतोस. निरोपांचा क्रम कधी बिघडवत नाहीस. तेवढा तरी प्रामाणिक आहेस.”

२८ जानेवारी

क्रम बिघडवला.

आता मला भीती वाटायला लागलीय. काल बोललो, आज केलं. कोणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील भरद्वाजाला अप्पांच्या काळजीने वेड लागलं.

झालं असं. ओरत्तनाडूहून मागणी निघाली, मग ‘नको, रद्द करा’ असा दुसरा निरोप निघाला. पेढीला रद्दचा आधी मिळाला. माझा कोड म्हणाला, कसलं रद्द? मला काही माहीतच नाही, आणि तो फेकून दिला. मग मागणी आली. ती इमानाने घेतली. ज्या माणसाला रक्त नको त्याच्यासाठी पिशवी निघाली!

हे खऱ्यात होईल का? होईल. दोन लाइनी, एक हळू एक जलद. का नाही होणार? आणि बारा तारखेला हॉस्पिटलच्या माणसांसमोर झालं असतं तर?

ब्रोकरचा मी खून करीन. पण आधी हे दुरुस्त करीन.

२९ जानेवारी, बुधवार

ऑफिसच्या रस्त्यावर, दक्षिण वीथीला, खणताना टेलिफोनची केबल कापली. अख्ख्या आळीचे फोन मेले. पण माझ्या टेस्ट चालल्या! नवी लायब्ररी निरोप आपल्याजवळ साठवून ठेवत असणार. त्यांचं हे एक काम मात्र चांगलं आहे. अर्थात कौतुक मी सूर्यनारायणाला सांगणार नाही.

अखिलाला म्हटलं, बघ, लाइन नसताना चालतंय. ती म्हणाली, “हो का सार?” आणि मान खाली. हिला कशाचं नवल म्हणून वाटत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

वाईट दिवस. रद्दचा घोळ सुटत नाही. कुठलाही निरोप आधी आला तरी शेवट एकच व्हायला हवा, हे तोंडाने बोलायला सोपं. एक बाजू धरली की दुसरी सुटते.

दुपारी अम्माचा ऑफिसात फोन. अप्पा पलंगावरून घसरले. लागलं नाही फारसं, शेजारच्या गुरुमूर्तींनी उचललं. पण अम्मा रडत होती. विचारत होती, ऑफिस राहील ना रे? मी मोठ्याने बोललो, तिला कमी ऐकू येतं. मराठीतच, नेहमीसारखं.

“अम्मा, खरं सांगू? मला माहीत नाही. मला भीती वाटते. हे काम माझ्याने होईलसं दिसत नाही. पण अप्पांना सोडून मी परत जाणार नाही, दारोदार मुरुक्कू-चकल्या विकीन पण जाणार नाही.”

फोन ठेवला तर अखिला समोर. टेबलावर फिल्टर कापीचा पेला ठेवून उभी. मी तमिळमध्ये विचारलं, काय पाहिजे? काही नाही म्हणाली. मी म्हटलं, मग बस की जाऊन. आणि तिची पाठ वळल्यावर मराठीत, “खांब तो खांब, माणसाचं काय चाललंय त्याचा पत्ता नाही.”

कापी चांगली होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज दलाल शहाण्यासारखा वागला. काही तोडलं नाही, काही उलटं नाही, काही दोनदा नाही. दिवसभर हिरवं. रद्दची दुरुस्ती मी अजून अर्धवट ठेवलीय, तिची टेस्टसुद्धा हिरवी! म्हणजे क्रम त्याने बिघडवलाच नाही.

आणि मला राग आला. का ते नीट सांगता येत नाही. घरात आजारी माणूस असला की लोक हळू बोलायला लागतात, तसं वाटलं. मला हे नको. बारा तारखेला कोण हळू बोलणार आहे?

स्क्रीनवर बोट आपटून म्हटलं, “दया दाखवू नकोस. ऐकलंस? मार! जेवढं जमेल तेवढं मार!”

३ फेब्रुवारी, सोमवार

मारलं.

सगळ्यात घाणेरडा प्रकार आज केला. निरोप घेतला. ‘मिळाला’ असं छान सांगितलं. आणि पुढे दिलाच नाही. गिळून बसला. ओरत्तनाडूला वाटतंय मागणी गेली, पेढीला काहीच नाही, आणि मधे एक बाई टेबलावर झोपलीय! माझा कोड शांत. कारण ‘मिळाला’ म्हणाला ना तो!

म्हणजे ब्रोकरच्या ‘मिळाला’वर भरवसाच ठेवायचा नाही. पेढीकडून उत्तर आलं तरच गेला म्हणायचं. ठरलेल्या वेळात उत्तर नाही आलं तर परत पाठवायचा, तरीही नाही तर ओरत्तनाडूच्या स्क्रीनवर लाल अक्षरात — फोन करा. माणसाने माणसाला फोन करा. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

४ फेब्रुवारी

लिहितोय, मोडतोय. लिहितोय, मोडतोय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिरवी. आणि आज त्याने काहीही करायचं बाकी ठेवलं नाही. तोडलं, गिळलं, उलटं दिलं, पुन्हा पुन्हा दिलं, सगळं एकाच वेळी. तरी हिरवी. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, कुठून तरी लाल येईलच. नाही आली.

मी स्क्रीनला काही बोललो नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं. दोघेही दमलोय.

अखिला म्हणाली, ओरत्तनाडूच्या मशीनवर सगळं मी बसवीन सार, तुम्ही नका येऊ त्या कामाला. मी म्हटलं, का? म्हणाली, तुम्ही घाईत काहीतरी बदलाल. उद्धटपणा तर बघा! पण शेषाद्री सारसुद्धा तिच्याच बाजूने. जाऊ दे. बसवू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

परीक्षा झाली.

ओरत्तनाडूच्या दवाखान्यात आम्ही चौघं: शेषाद्री सार, अखिला, मी, आणि हॉस्पिटलच्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. पहिल्या मागण्या खोट्या होत्या, त्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, आता लाइन काढा. अखिलाने वायरच उपटली. परत लावली. पेढीकडे मागणी एकदाच गेली होती. रद्द करून बघितलं. बरोबर. पेढीचं मशीन बंद ठेवून बघितलं. थोड्या वेळाने आमच्या स्क्रीनवर लाल अक्षरं — फोन करा. डॉक्टरीणबाईंनी खरोखर फोन उचलला आणि पेढीला विचारलं, चालू का बंद? मग पहिल्यांदा थोड्याशा हसल्या.

इतक्यात बाळंतिणीच्या वॉर्डातून नर्स धावत आली. खरी मागणी. लाइन त्याच वेळी कुरकुरत होती. मी खुर्चीतून अर्धा उठलो. शेषाद्री सारांनी माझा हात धरून खाली बसवलं. मागणी गेली. उत्तर आलं. एक पिशवी निघाली, एकच. गाडी तंजावरहून निघाल्याचा फोन आला तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

काम आपलं. केंद्रं सगळी आपली. ऑफिस राहिलं! बसमधून उतरल्यावर धावतच घरी गेलो, अप्पांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं धरलं आणि हलवलं, लहानपणी हलवायचे तसं. अम्मा परत रडली, पण या वेळी ठीक होतं.

एक खटकतंय. आज ब्रोकर भिकार निघाला. लाइन तुटली तेवढीच. ना उलटं दिलं, ना गिळलं. इतके दिवस माझं रक्त प्यायला तो हा नव्हेच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सूर्यनारायणाचा फोन. अभिनंदन केलं. मनापासून केलं, हे मानायला हवं. म्हटलं, चला, माणूस झालाय तर आपणही व्हावं. मी म्हटलं, तुमच्या ब्रोकरने मला महिनाभर छळलं हो, पण त्यानेच वाचवलं.

तो म्हणाला, “आमच्या ब्रोकरने? सार, पोंगलनंतर तुमच्या ऑफिसातून आमच्याकडे कोणी आलंच नाही. मी तर शेषाद्री सारांना विचारणार होतो, टेस्ट करणं सोडलं की काय. काल ओरत्तनाडूहून आलात तेच.”

मी म्हटलं, नवी लायब्ररी दिलीत ना तुम्ही, सीडीवर? तो म्हणाला, आम्ही कुठलीच सीडी दिली नाही.

दिवसभर कामात लक्ष नाही. अखिला आज रजेवर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ऑफिसात दोघंच होतो. स्क्रीनसमोर बसून मी हळूच, सवयीने, मराठीत म्हटलं, “मग इतके दिवस मला मारत कोण होतं?”

कोपऱ्यातून आवाज आला. “मींच.”

माझ्या आजीच्या तोंडचं मराठी! तिने मान वर केली नाही, बोटं कीबोर्डवरच. “तो सीडीवरचा खोटा ब्रोकर मी लिहिला. ओरत्तनाडूस तो काढून खरा जोडला. तुम्ही बोलत गेलांत, मी करत गेलें. मज वाचतां येत नाहीं, पण घरीं आम्ही हेंच बोलतों.” मग, “अप्पांस आतां बरं आहे कां?”

महिनाभर मी या खोलीत जे जे बोललो ते सगळं तिने ऐकलं होतं. खांब. अक्कल. आणि अम्माला सांगितलेलंसुद्धा.

मी विचारलं, तुझ्या वडिलांचं नाव काय, तुझ्या नावातला एस कोणाचा? म्हणाली, “श्रीनिवासराव.” राव, म्हणजे आमच्यासारखंच तंजावरचं मराठी घर.

मी स्वतः बी. भरद्वाज. बी म्हणजे अप्पा, बाळकृष्णराव. दोघांची नावं ऑफिसच्या दारावर एकाच पाटीवर आहेत.